नाव परत घ्यायला आलोय

कसबा बावड्यातल्या त्या घरात मी राहायला गेले, त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला दार वाजलं. गॅसवर दूध होतं. दारात घरमालक उभे. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात मफलर, मफलरवर दुर्बीण आणि दुर्बिणीला पट्ट्याऐवजी पायजम्याची नाडी. मला वाटलं, पाण्याच्या मोटारीचं काहीतरी सांगायला आले असतील.

"मॅडम, परवा तुमास्नी पेरूवर शिक्रा सांगिटला व्हता," ते म्हणाले. "त्यो शिक्रा न्हवता, पावशा व्हता. नाव परत घ्यायला आलोय."

परवा त्यांनी मला काय सांगितलं होतं ते मला आठवतसुद्धा नव्हतं. मी सामान लावत होते, ते अंगणातून काहीतरी म्हणाले होते आणि मी वरून 'बरं' म्हणाले होते. शिक्रा खातात की पांघरतात तेही मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, असू दे काका, माझी काही हरकत नाही. ते जागचे हलले नाहीत. शिक्रा हा शिकारी पक्षी, पावशा कोकिळेच्या गोतातला. पण दोघांच्या पोटावर सारखेच पट्टे, त्यामुळे भले भले फसतात, असं त्यांनी मला सावकाश समजावून सांगितलं. तेवढ्यात मागं दूध उतू गेलं. ते त्यांनी पाहिलं, पण थांबले नाहीत. जाताना विचारलं, हे मी पुढं कुणाला सांगितलं तर नाही ना. मी नाही म्हणाले. "मग हितंच मिटलं," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी त्या घरात साडेचार वर्षं काढली. मी मूळची सोलापूरकडची, इथल्या एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायला आलेले. पक्ष्यांचा आणि माझा संबंध कबुतरांनी गॅलरी घाण करण्यापुरता होता. काका-काकू खाली, मी वर. त्यांचा मुलगा पुण्याला. काकूंशी माझं पहिल्या आठवड्यातच जमलं. त्या कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणं 'मी येतो, मी जातो' असं बोलायच्या आणि मी 'येते, जाते' म्हटलं की हसायच्या. काकांशी जमायला वेळ लागला, कारण त्यांच्याशी बोलताना दोन पावलं मागं सरकून उभं राहावं लागे.

त्याचं कारण त्यांचा आवाज. त्यांची सगळी नोकरी बसस्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे पस्तीस वर्षं भोंग्यातून सांगून सांगून त्यांच्या घशाला हळू बोलण्याची सवयच राहिली नव्हती. साखर आणायला सांगितली तरी गल्लीला कळायचं. अशा माणसानं निवृत्तीनंतर पक्षी बघण्याचा नाद का लावून घ्यावा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. नदीकाठी ते बरोबर आलेल्यांच्या कानाशी येऊन कुजबुजत, "हलू नगासा, खंड्या बसलाय," आणि खंड्या उडून जाई. एवढं होऊनही तो आपल्या आवाजानं उडाला हे त्यांच्या लक्षात येत नसे. ते म्हणत, "नशीब न्हाय आज."

नोकरीतला एक नियम त्यांनी घरी आणला होता. चुकीचा फलाट पुकारला गेला तर दुरुस्ती तेवढ्याच मोठ्यानं पुकारायची, आणि एकदा नव्हे तर तीनदा. कारण चुकीचं कुणी ऐकलं हे पुकारणाऱ्याला कधीच कळत नाही. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र ते कळत होतं आणि याचा त्यांना फार आनंद होता. खिशात एक छोटी डायरी असे. तिच्यात पक्ष्याचं नाव, आणि खाली ते नाव कुणाकुणाला सांगितलं ती माणसं. नाव चुकलं असं कळलं की स्कूटर काढायची आणि त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन ते परत घ्यायचं. फोनवर सांगितलेलं त्यांना चालत नसे. माणूस घरी नसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जात.

यात काही शहाणपण होतं आणि बराचसा ताप होता. लोक लग्नाच्या गडबडीत असोत नाहीतर जेवायला बसलेले असोत, हे दारात. एकदा गल्लीतल्या एका गृहस्थांच्या घरी ते बसायला गेले होते. गृहस्थ जाऊन तीन दिवस झाले होते. काका अर्धा तास गप्प बसून राहिले, तिथली रीत पाळली, आणि उठताना गेलेल्या माणसाच्या भावाला म्हणाले, "तुमच्या दादास्नी मी रंकाळ्यावर एक बदक सांगिटलं व्हतं. ते चुकीचं व्हतं. त्यांस्नी सांगायचं राहिलं, म्हणून तुमाला सांगतो." भाऊ बरं म्हणाला. दुसरं काय म्हणणार? काकू मला हे सांगताना कपाळाला हात लावत होत्या. मी मात्र बाहेर येऊन जिन्यात बसून हसले.

मोबाइलवरून फोटो काढून पक्ष्याचं नाव विचारायची सोय आता झाली आहे. मी ती त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी नीट पाहून घेतली, कौतुकही केलं. मग विचारलं, "ह्ये चुकलं तर माझ्या दारात सांगायला येणार हाय काय?" मी नाही म्हणाले. तो विषय तिथंच संपला.

'हुपरीची म्हातारी' असे दोन शब्द त्यांच्या बोलण्यात अधूनमधून येत. कुणी चूक कबूल करायला टाळाटाळ करतंय असं दिसलं की ते मान हलवून तेवढंच म्हणत आणि गप्प होत. गोष्ट काय ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला ती काकूंकडून कळली.

हुपरीत घरोघर चांदीच्या पैंजणांचं काम चालतं. अशाच एका घरातली म्हातारी घुंगरांची पिशवी घेऊन कोल्हापुराहून परत निघाली होती. काकांनी हुपरीच्या गाडीचा फलाट चुकीचा पुकारला. दुरुस्ती पुकारेपर्यंत म्हातारी पन्हाळ्याच्या गाडीत बसून निघूनही गेली. वाटेत कळलं, उतरली, विचारत विचारत संध्याकाळी घरी पोचली. घरी काम अडलेलं. मुलानं, सुनेनं तोंडसुख घेतलं आणि ठरवलं, की आता आईला एकटं पाठवायचं नाही, तिला कळत नाही. म्हातारीलाही तसंच वाटलं. आपल्या कानानं बरोबर ऐकलं होतं, हे तिला कोण सांगणार?

तीन दिवसांनी एका कंडक्टरकडून ही हकिगत काकांच्या कानावर आली. सुट्टीच्या दिवशी ते हुपरीला गेले. घर शोधून काढलं. आत नाही गेले. दारात उभं राहून स्टँडच्या आवाजात सांगितलं, की फलाट चुकीचा पुकारणारा माणूस मी, चूक माझी, आजींची नव्हे. शेजारच्या दोन घरांतली ठोकाठोक थांबली म्हणे. मुलगा म्हणाला, पावणं, आत तर या, चहा घ्या. काका म्हणाले, आधी आजींना म्हणा, की त्यांचं चुकलं नव्हतं. मुलानं आईकडं बघून ते म्हटलं. मग चहा घेतला. पुढच्या आठवड्यात ती म्हातारी पिशवी घेऊन एकटी स्टँडवर दिसली.

पक्ष्यांचं एवढं काय घेऊन बसलात, असं मी त्यांना एकदा वैतागून विचारलं होतं. तेव्हा त्यांनी दिलेलं उत्तर मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "पाखराला काय फरक पडतोय? त्याला कुठं ठावं हाय आपुन शिक्रा हाय का पावशा. पर आपली चूक दुसऱ्याच्या घरात जाऊन बसती. आनी त्यो मानूस ती सोताची म्हणून संभाळत ऱ्हातो."

आमचा रविवारचा कंपू चौघांचा. काका, गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान असलेले गृहस्थ, एक निवृत्त तलाठी आणि मी. मी कशी ओढली गेले ते नक्की सांगता येणार नाही. बहुधा पहिल्याच पावसाळ्यानंतर एका रविवारी नाही म्हणायचा कंटाळा आला म्हणून गेले असेन. सकाळी सहाला निघायचं, उसाच्या फडांमधल्या वाटेनं नदीच्या बंधाऱ्यापर्यंत जायचं, नऊला परत. औषधदुकानदार अबोल आणि सज्जन. तलाठी बोलके आणि आपलंच खरं करणारे. त्यांनी एकदा भारद्वाजाला कोकीळ म्हटलं आणि ते परत घेईपर्यंत काकांनी त्यांच्या मागं दोन महिने लकडा लावला होता. घरी आल्यावर काका फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं त्या दिवशीचे पक्षी लिहीत. येणारे-जाणारे वाचत. चुकलेलं नाव पुसायचं नाही, त्यावर फक्त रेघ ओढायची आणि शेजारी बरोबर नाव लिहायचं, असा दंडक होता.

माझ्या तिथल्या चौथ्या वर्षी दिवाळीनंतर फळ्यावरच्या रेघा बंद झाल्या.

सुरुवात कुठून झाली ते मला चांगलं आठवतं. बंधाऱ्याच्या अलीकडं दगडावर एक वंचक, म्हणजे पाणथळीतला छोटा बगळा, बसला होता. मातकट रंगाचा, मान खांद्यात घातलेला, अगदी जवळ. काका म्हणाले, "गायबगळा." गायबगळा पांढरा असतो. मला हे कळत होतं, म्हणजे इतरांना कळत असणारच. मी औषधदुकानदारांकडं पाहिलं, त्यांनी तलाठ्यांकडं पाहिलं, आणि तलाठी, जे एरवी वाद घालायला टपलेले, ते म्हणाले, "व्हय." आम्ही पुढं निघालो.

पुढच्या रविवारी असंच दोनदा झालं. मग दर रविवारी. काकांना साखरेचा आजार पुष्कळ वर्षांपासून होता, आणि गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय त्यांचा एक तास जात नसे. डोळे गेले असणार हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. पण कुणी बोललं नाही. आम्ही तिघांनी या गोष्टीवर आपसात चर्चासुद्धा केली नाही. ते काही म्हणाले की आम्ही व्हय म्हणायचो, बस्स.

का, याचा मी नंतर खूप विचार केला आहे. त्यांना वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नव्हतं. चूक दाखवल्यावर वाईट न वाटणारा माझ्या ओळखीतला तो एकच माणूस होता. खरं कारण असं, की एक चूक दाखवली असती तर दुसरी दाखवावी लागली असती, मग तिसरी, आणि शेवटी कुणाला तरी तोंडानं म्हणावं लागलं असतं, की काका, तुम्हाला दिसत नाही. ते म्हणायची वेळ मला माझ्यावर यायला नको होती. तलाठ्यांना आणि दुकानदारांनाही तेच नको असणार.

याचा परिणाम असा झाला, की काका खूश राहू लागले. स्कूटर फक्त बाजाराला निघायची. गल्लीतले लोक म्हणू लागले, आता काकांचा हात बसला, आता चुकत नाहीत. एकदा जिन्यात भेटले तेव्हा स्वतःच म्हणाले, "यंदा थंडीत एक बी नाव परत घ्यायला लागलं न्हाय, मॅडम. वीस वर्सांत पयल्यांदा." मी म्हटलं, छानच की. आणि वर जाऊन वह्या तपासत बसले.

जानेवारीत बंधाऱ्यापलीकडच्या वाळूवर एक करकोचा उतरला. काळ्या अंगाचा, लांब तांबूस पायांचा. मान पांढरी, लोकरीची असावी तशी. अशा पांढऱ्या मानेच्या करकोच्याला कांडेसर म्हणतात, तो आम्ही दर हिवाळ्यात बघत होतो. काकांनी दुर्बीण लावली. बराच वेळ काढली नाही. काढली तेव्हा त्यांचा आवाज खरोखरच हळू झाला होता.

"काळा करकोचा हाय," ते म्हणाले.

काळ्या करकोच्याची मान काळी असते. तो आमच्या बाजूला क्वचित येतो, आणि काका वीस वर्षं त्याची वाट बघत होते. तलाठी व्हय म्हणाले. दुकानदार चष्मा पुसत राहिले. या वेळी काका नेहमीसारखे पुढं निघाले नाहीत. ते माझ्याकडं वळले. "मॅडम, तुमचं डोळं तरणं हायेत. मान नीट बघा. काळी हाय न्हवं?"

मी दुर्बीण घेतली. मान पांढरीशुभ्र दिसत होती. मी म्हटलं, "काळीच आहे."

पुढच्या आठ दिवसांत त्यांनी ते बावडाभर केलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. डायरीची दोन पानं माणसांच्या नावांनी भरली. मग सांगलीहून तलाठ्यांचे एक नातेवाईक आले. पक्ष्यांतले चांगले जाणकार. काका त्यांना हौसेनं बंधाऱ्यावर घेऊन गेले, आम्हीही गेलो. करकोचा तिथंच होता. पाहुण्यांनी दुर्बीण न लावताच सांगितलं, हा कांडेसर, मान पांढरी आहे की. काकांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझ्याकडं बघितलं आणि फक्त एवढं विचारलं, की तुम्हालाही काळीच दिसली होती ना.

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो काका. त्या दिवशी उजेड समोरून होता."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. उजेडानं चौघंही फसले, त्याला काय करणार? स्कूटर निघाली. एकोणीस घरं झाली. प्रत्येक घरी ते काळा करकोचा परत घेत होते, आणि दिवाळीपासून एकच चूक झाली म्हणून मनातून खूशही होते. त्या आठवड्यात मी त्यांच्या समोर जायचं टाळलं. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि राग कुणाचा येतोय ते कळत नव्हतं.

महिन्याभरानं काकू वर आल्या. हातात वाटी होती, पण ती त्यांनी दिली नाही, तशीच धरून कॉटवर टेकल्या. त्यांनी सांगितलं ते असं. साखरेच्या डॉक्टरांनी काकांना बजावलं होतं, की डोळ्यांचा पडदा लगेच तपासून घ्या, साखरेनं तो खराब होतो आणि एकदा गेला की परत येत नाही. वेळ घेतली होती. काकांनी ती रद्द केली. म्हणाले, माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय, मला जे दिसलं तेच त्या मॅडमला दिसलं, तिचे डोळे काय म्हातारे झालेत?

"मी सांगितलं तर म्हणत्यात, तुला पाखरातलं काय कळतंय," काकू म्हणाल्या. "आनी मी तरी काय सांगतो? घरात मी बी व्हयच म्हणतो. काल पोत्याला मांजर म्हणालं. मी व्हय म्हटलं. तुमी सांगा, मॅडम. तुमचं आयकतील."

त्या वाटी घेऊनच परत गेल्या. मी अर्धा तास वर बसून राहिले आणि मग खाली उतरले.

काका अंगणात शेंगा फोडत बसले होते. बोटांना सवय होती, बघावं लागत नव्हतं. मी उभ्यानंच सांगितलं. त्या करकोच्याची मान पांढरी होती. मला त्याच दिवशी दिसली होती. उजेड पाठीमागून होता, समोरून नव्हता.

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे परातीत टाकले. मग विचारलं, "मग काळी का म्हणला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," मी म्हटलं. आणि ते तसंच राहू द्यायला नको म्हणून पुढं म्हटलं, "खरं म्हणजे तुम्हाला दिसत नाही हे मला सांगायचं नव्हतं."

"ह्यो एकच?"

"नाही. दिवाळीपासून."

"तलाठी? दुकानदार?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं, की मान हलवलेली त्यांना कितपत दिसली असेल, म्हणून तोंडानं सांगितलं, की त्यांनाही दिसत होतं. दारात काकू येऊन उभ्या होत्या. काकांनी तिकडं तोंड फिरवलं. काकू काही बोलल्या नाहीत, तेव्हा तेही त्यांना कळलं.

मला वाटलं होतं ते ओरडतील. तो आवाज अंगावर घ्यायची मी तयारी केली होती. ते इतक्या हळू बोलले, की मला पुढं वाकावं लागलं. "यंदा चुकलोच न्हाय म्हणून गावभर सांगत हिंडलो मी," ते म्हणाले. "हुपरीच्या म्हातारीगत केलंसा माझं. मला कळत न्हाय, असं तुमीच बसून ठरवलासा."

आम्ही बसून ठरवलं नव्हतं, असं मला म्हणायचं होतं. पण बसून ठरवलं असतं तर निदान कुणीतरी एकजण नको म्हणाला असता. ते उठले, शेंगांची टरफलं झटकली आणि आत गेले.

डोळ्यांचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी काकू त्यांना रिक्षानं घेऊन गेल्या. उजव्या डोळ्याला इंजेक्शनं आणि लेझर झालं, तो बऱ्यापैकी वाचला. डाव्याच्या बाबतीत डॉक्टर म्हणाले, की दोन-तीन महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं. दोन-तीन महिने आधी म्हणजे वंचकाचे, गायबगळ्याचे ते रविवार. हे मला काकूंनी सांगितलं. काकांनी यावरून मला एक शब्दही कधी ऐकवला नाही, आणि ऐकवला असता तर बरं झालं असतं असं मला अनेकदा वाटलं.

तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या रविवारी सकाळी, साडेसहालाच, दार वाजलं. मफलर होता, दुर्बीण नव्हती. हातात स्कूटरची किल्ली होती, ती त्यांनी माझ्यासमोर धरली.

"चालवता येती न्हवं?"

मी येते म्हणाले.

"दिवाळीपासनं म्हणलासा. लई घरं झाली. डायरीतली नावं मला वाचायला येत न्हाईत."

डायरी मी वाचली. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढं, सगळी पानं. कुठला पक्षी खरा होता आणि कुठला नव्हता, हे मला आठवून सांगावं लागलं, आणि मला प्रत्येक वेळचं आठवत होतं. नावांची यादी झाली तेव्हा काकूंनी चहा आणला. काकांनी तो घेतला आणि पेला ठेवून म्हणाले, पहिल्यांदा दुकान.

औषधांच्या दुकानात रविवार असूनही चार-पाच गिऱ्हाइकं होती. दुकानाला रस्त्यावरून तीन पायऱ्या. काका माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले. दुकानदारांनी आम्हाला बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. ते लगबगीनं म्हणाले, या काका, बसा, डोळं कसं हाय आता.

"नाव परत घ्यायला आलोय," काका म्हणाले. तो स्टँडचा आवाज होता. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. त्यांनी एकेक नाव घेतलं. गायबगळा, तो वंचक होता. घार म्हणालो, तो कावळा होता. अशी चौदा नावं. मधे अडखळले की मी सांगत होते. ज्याला खोकल्याचं औषध हवं होतं तो माणूस पैसे पुढं धरून तसाच उभा राहिला.

दुकानदार खाली बघत होते. संपल्यावर म्हणाले, "असू दे की काका. पाखरंच तर हायेत. आमी काय मनावर घेतलं न्हवतं."

"मी माझी नावं घेतली परत," काका म्हणाले. "तुमी तुमचं व्हय परत घ्या."

दुकानदार अत्यंत भला माणूस. ते आयुष्यात कुणाला उलट बोलल्याचं मला माहीत नाही. त्यांनी काउंटरवरची औषधाची पट्टी उचलली, परत ठेवली. मग म्हणाले, "घेतलं." आणि थोड्या वेळानं, स्वतःहून, "चौदा बी घेतली."

"मॅडम?" काका म्हणाले.

मी आधी घरी सांगितलं होतं, अंगणात. ते पुरेसं असेल असं मी धरून चालले होते. गिऱ्हाइकांत माझ्या कॉलेजातली एक मुलगी होती, आईबरोबर आलेली. मी तिच्या देखत म्हटलं, की करकोच्याची मान पांढरी होती, आणि मी काळी म्हणाले, ते मी परत घेते. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. काकांनी आणखी मोठ्यानं म्हणायला सांगितलं नाही. फक्त वाट बघत उभे राहिले. मी आणखी दोनदा म्हटलं.

मग त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या घराचं विचारलं. तलाठ्यांचं, मी म्हटलं. ते वळले आणि पायऱ्या उतरायला लागले. या वेळी खांदा धरला नाही. पहिली उतरले, दुसरी उतरले. मी मागून म्हटलं, "काका, अजून एक पायरी आहे."

"दिसली," ते म्हणाले.

पाय उचललेला तसाच धरून ते थांबले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत थांबले.

"न्हाय दिसली," ते म्हणाले. "किती खाली हाय, सांगा."